अँटी-डंपिंग, काउंटरव्हेलिंग की सेफगार्ड? बुटीबोरीच्या कारखानदाराने कोणता अर्ज टाकावा

नागपूरजवळचा कारखाना बुटीबोरीला असो, हिंगण्याला की कळमेश्वरला, स्वस्त आयातीवर जादा शुल्क मागणारा अर्ज दिल्लीत टाकण्याआधी एक गोष्ट स्वतःशी नक्की करा: तुम्ही पोलाद बनवून विकता, की कॉइल, म्हणजे पोलादी पत्र्याची गुंडाळी, विकत घेऊन त्यापासून पाइप, रॅक, कपाटं बनवता? स्वस्त आयातीविरुद्ध सगळ्यांनी एक व्हायला हवं, असं असोसिएशनच्या सभेत सगळेच म्हणतात. सभा संपून चहा आला की कॉइल बनवणारा एका कोपऱ्यात आणि कॉइल घेणारा दुसऱ्या, हे मी अनेकदा पाहिलंय. माझं काम कॉस्टिंगचं, म्हणजे उत्पादन खर्चाच्या हिशेबाचं, त्यामुळे दोन्ही कोपऱ्यांतला चहा प्यावा लागतो.

तिन्ही अर्ज जातात एकाच ठिकाणी, वाणिज्य मंत्रालयाच्या व्यापार उपाय महानिदेशालयाकडे, म्हणजे डीजीटीआरकडे. ते फक्त शिफारस करतं. शुल्क लावायचं की नाही, हे अर्थ मंत्रालय ठरवतं. शिफारस झाली म्हणून पेढे वाटू नका.

अँटी-डंपिंग

इथे तक्रार परदेशी कंपनीच्या किमतीबद्दल असते. समजा, तिकडचा कारखाना आपला पत्रा स्वतःच्या देशात फॅक्टरीच्या दारात किलोला 60 रुपयांनी विकतो आणि भारतासाठी तोच 48 ला सोडतो. डंपिंग मार्जिन 12 रुपये, म्हणजे निर्यात किमतीच्या 25 टक्के. हे मार्जिन 2 टक्क्यांखाली निघालं तर प्रकरण तिथेच संपतं.

पण 12 रुपये शुल्क लागेल असं धरून बरेच जण फसतात. डीजीटीआर दुसराही हिशेब मांडतं. तुमचा उत्पादन खर्च घेऊन, गुंतवलेल्या भांडवलावर 22 टक्के परतावा धरून, तुम्हाला न्याय्य किंमत किती मिळायला हवी ते काढतं. ती 55 आली आणि आयात माल कस्टम्स भरून 50 ला उतरत असेल, तर तुमचं नुकसान 5 रुपये. दोन्हींतला लहान आकडा घेतात, तेव्हा पदरात 5. शिवाय मशीन अर्धा वेळ बंद राहिली म्हणून वाढलेला खर्च या हिशेबात धरत नाहीत. मागच्या वर्षांतली सर्वांत चांगली क्षमता, सर्वांत कमी वीज आणि कच्चा माल धरतात. आपल्याकडच्या अनेक अर्जदारांचे चेहरे या तक्त्यापाशीच पडतात.

फायदा असा की शुल्क नेमक्या देशावर आणि नेमक्या कंपनीवर बसतं. ऑगस्ट 2025 मध्ये व्हिएतनामच्या हॉट रोल्ड (गरम लाटलेल्या) पोलादावर टनाला 121.55 डॉलरची शिफारस झाली, पण त्याच देशातल्या ‘होआ फाट’ या कंपनीला त्यातून वगळलं. शुल्क साधारण 5 वर्षं टिकतं आणि पुढे फेरतपासणी होते. चौकशीला मात्र वर्ष लागतं, मुदतवाढ मिळाली तर दीड.

काउंटरव्हेलिंग

इथे समोर कंपनी नाही, तिकडचं सरकार असतं. सरकारी बँकेचं स्वस्त कर्ज, फुकटातली जमीन, कमी दरातली वीज किंवा कॉइल, हे सगळं मोजून मालाच्या किमतीत किती अनुदान आहे ते काढायचं. चौकशी सुरू होण्याआधी त्या सरकारला सल्लामसलतीला बोलवावं लागतं. आता चीनमधल्या एखाद्या प्रांताच्या योजनेचा कागद, तोही चिनी भाषेतला, नागपूरच्या इतवारीत बसून कुठून काढणार? मोठ्या कंपन्यांना ते जमतं, कारण तिकडची कागदपत्रं काढून देणारे वकील त्यांना परवडतात.

यातलं सर्वांत शिकवणारं उदाहरण स्टेनलेसचं आहे. चिनी स्टेनलेसच्या फ्लॅट (पत्रा, कॉइल अशा सपाट) मालावर सप्टेंबर 2017 मध्ये 18.95 टक्के शुल्क लागलं, 5 वर्षांसाठी. फेब्रुवारी 2021 च्या अर्थसंकल्पात ते स्थगित झालं आणि 2022 च्या अर्थसंकल्पात रद्दच. धातूंचे भाव चढले होते आणि वापरणाऱ्यांची ओरड मोठी होती. एवढं सिद्ध करूनही मुदत पुरी झाली नाही. छोट्या कारखानदाराने हा रस्ता एकट्याने धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सेफगार्ड

यात कुणी अन्याय केलाय हे सिद्ध करायचंच नसतं. आयात अचानक वाढली आणि देशी उद्योगाला गंभीर इजा झाली, एवढं दाखवायचं. म्हणून तो लवकर लागतो. फ्लॅट स्टीलचंच बघा: इंडियन स्टील असोसिएशनच्या अर्जावर 19 डिसेंबर 2024 ला चौकशी सुरू झाली आणि 21 एप्रिल 2025 ला 200 दिवसांसाठी 12 टक्के हंगामी शुल्क लागलंही. पुढे ते 3 वर्षांसाठी कायम झालं: 12, मग 11.5, मग 11. दर वर्षी उतरतं, कारण सेफगार्ड म्हणजे उद्योगाला सावरायला दिलेला वेळ.

फटका कुठे बसतो ते सांगतो. हे शुल्क कॉइल, प्लेट, कोटेड पत्रा यांवर आहे. त्या कॉइलपासून बनलेला तयार पाइप किंवा रॅक त्यात येत नाही. म्हणजे हिंगण्याच्या पाइपवाल्याचा कच्चा माल महागला आणि परदेशी तयार पाइप होता तिथेच राहिला. आयात कॉइल न घेणाऱ्यालाही हे चुकत नाही, कारण देशी मिलही आपला रेट आयातीच्या भावाकडे बघूनच लावते. कॉइल बनवत असाल तर सेफगार्डमागे उभे राहा. घेत असाल तर आपल्या तयार मालासाठी वेगळा अँटी-डंपिंग अर्ज करणं हाच मला दिसणारा मार्ग.

तो करण्याआधी गाठ पडते 25 टक्क्यांशी. अर्जाला उघड पाठिंबा देणाऱ्यांचं उत्पादन देशातल्या एकूण उत्पादनाच्या किमान 25 टक्के हवं, आणि विरोध करणाऱ्यांपेक्षा जास्त हवं. विदर्भातले सगळे पाइपवाले मोजले तरी तिथवर पोचणं कठीण. रायपूर, राजकोट, हैदराबाद असे फोन लावावे लागतात, आणि आपलं कॉस्टिंग दुसऱ्याला दिसेल या भीतीने निम्मे जण माघार घेतात. खरं तर आकड्यांची गोपनीय प्रत वेगळी आणि सगळ्यांना दाखवायची वेगळी असते. दुसरीत खऱ्या आकड्यांऐवजी नुसते निर्देशांक देतात. हे समजावण्यात माझे महिने गेलेत.

आणखी एक. मागच्या वर्षी ‘सहज बघू’ म्हणून त्याच मालाचे दोन कंटेनर तुम्ही स्वतः मागवले असतील, तर ते आधीच सांगा. आयात करणारा उत्पादक देशी उद्योगातून वगळला जाऊ शकतो, आणि कस्टम्सच्या आकडेवारीत तुमचं नाव आहेच.

अर्ज दुसऱ्याने टाकला आणि तुम्ही केवळ खरेदीदार असाल, तरी गप्प बसायचं कारण नाही. चौकशीच्या सूचनेत दिलेल्या मुदतीत, बहुधा 30 दिवसांत, संबंधित पक्ष म्हणून नोंद करा. शुल्काने तुमच्या मालाची किंमत किती वाढेल याचा तक्ता भरा, आणि सुनावणीला स्वतः जा किंवा ऑनलाइन बसा. त्या तक्त्याला साधारण आठवडा लागतो. माझ्याकडे लोक येतात ते बहुतेक 28 व्या दिवशी.