बांगडा की मुगाची डाळ?

दादरच्या काकूंना मधुमेह. लघवीतून प्रथिनं जाऊ लागलीत, म्हणजे मूत्रपिंडावर परिणाम होतोय; यूरिक ॲसिडही वाढलंय. ताटात बांगडा ठेवावा की मुगाची डाळ?

प्रथिनं दोन्हींत भरपूर. डायलिसिस नसेल तर दिवसाला वजनाच्या किलोमागे 0.8 ग्रॅम पुरतात. 60 किलोला 48. यूरिक ॲसिडला बांगडा जड, त्यात प्युरिन (ज्यापासून शरीरात यूरिक ॲसिड बनतं) जास्त. डाळीचा तसा त्रास दिसत नाही. पण 2020 च्या एका चाचणीत, टाइप 1 मधुमेहात, ॲलोप्युरिनॉल या औषधाने यूरिक ॲसिड उतरलं तरी मूत्रपिंडाची घसरण मंदावली नाही. म्हणून रक्तातली साखर, रक्तदाब आणि मीठ आधी सांभाळा. खारवलेला सुका बांगडा तर नकोच! खर्चात डाळ स्वस्त.

गाऊट (यूरिक ॲसिडमुळे होणारा सांध्यांचा आजार) असेल त्यांनी डाळ निवडावी. पोटॅशियम वाढलेलं असेल तर डाळही डॉक्टरांना विचारून, मोजून. गाऊट आणि वाढलेलं पोटॅशियम दोन्ही नसेल तर ताज्या बांगड्याचा छोटा तुकडा अधूनमधून खुशाल खावा.