पोतोसीची टांकसाळ आणि सेरो रिकोची खाण टूर: एकीला पाच स्टार, दुसरीला ओढूनताणून दोन

बोलिव्हियाला जाणारे बहुतेक लोक उयुनीचं मिठाचं वाळवंट बघतात, फोटो काढतात आणि परत फिरतात. पोतोसी तिथून बसने चारएक तासांवर आहे तरी राहून जातं, म्हणून हा रिव्ह्यू जरा सविस्तर लिहितेय. गावात बघायच्या मेन गोष्टी दोन. एक जुनी टांकसाळ, म्हणजे कासा नासियोनाल दे मोनेदा, आणि दुसरा गावाच्या डोक्यावर उभा असलेला सेरो रिको नावाचा लालसर डोंगर, ज्याच्या खाणीत टूरवाले आपल्याला आत घेऊन जातात. टांकसाळ अजिबात चुकवू नका. खाणीचं बुकिंग मात्र पुढचं सगळं वाचून मगच करा.

आधी थोडी बॅकग्राउंड, नाहीतर नुसती जुनी इमारत बघून याल. सोळाव्या शतकात स्पॅनिश आणि पोर्तुगीज लोकांच्या कानावर आलं होतं की जंगलांच्या पलीकडे कुठेतरी चांदीचा डोंगर आहे, त्याच्या नादात किती जण गेले आणि मेले, खाली दक्षिणेला एका नदीला तर चांदी न सापडताच चांदीची नदी म्हणून नाव पडलं. गोष्टींमधली अशी शहरं कधी सापडत नसतात, पण इथला डोंगर खरंच निघाला. 1545 मध्ये दिएगो वाल्पा नावाच्या स्थानिक माणसाला इथे चांदी दिसली (त्याच्या बऱ्याच सुरस कथा आहेत, गाइडप्रमाणे बदलतात), आणि साठसत्तर वर्षांत तिथली वस्ती दीड लाखाच्या पुढे गेली. त्या काळात युरोपातसुद्धा एवढी मोठी शहरं मोजकीच होती. आणि हे सगळं चार हजार मीटरवर हं, जिथे धड पीक येत नाही, धान्यापासून लाकडापर्यंत सगळं खालून लामांच्या आणि खेचरांच्या पाठीवर चढवायचं. चाच्यांच्या गोष्टीत खांद्यावरचा पोपट 'पीसेस ऑफ एट' असं ओरडतो ना, ती स्पेनची आठ रियालची नाणी. त्यातली ढीगभर इथेच पाडली जायची.

आता टांकसाळ. पहिली टांकसाळ 1570 च्या दशकातली, आपण बघतो ती दुसरी, ती 1773 मध्ये पुरी झाली. बाहेरून किल्लाच वाटतो, भिंती एवढ्या जाड की खिडकीत माणूस आडवा झोपेल. आत शिरल्यावर चौकात कमानीवर एक मोठ्ठा हसरा मुखवटा आहे, तो 1856 मध्ये एका फ्रेंच माणसाने केलेला, पण तो नक्की कोणाचा आहे यावर गावात चार लोकांची पाच मतं. एकट्याने फिरता येत नाही, गाइडबरोबरच जावं लागतं, ठरलेल्या वेळी स्पॅनिश, इंग्लिश वगैरे ग्रुप सोडतात. तिकीट जास्त नाही. फोटोचे पैसे वेगळे, ते द्या, कारण मशीनं बघितल्यावर मोबाइल खिशात राहात नाही.

मशीनं म्हणजे काय सांगू! चांदीच्या पट्ट्या चपट्या करायची लाकडी यंत्रं, दोन मजली. वरच्या मजल्यावर दात्यांची प्रचंड चाकं आणि लाटणारे रूळ, आणि खालच्या मजल्यावर मधला खांब, त्याला खेचरं जुंपायची आणि गोल गोल फिरवायची. साधारण आपल्या जुन्या उसाच्या चरकासारखा हिशोब, फक्त ऊस म्हणून चांदी घातली. ही चाकं स्पेनमध्ये बनवून जहाजाने आणली आणि मग सुटी करून डोंगर चढवली. मी वाकून दात्यांकडे बघितलं तर लाकूड घासून घासून गुळगुळीत झालंय, कडा गोल झाल्यात, आणि खाली जिथे जनावरं फिरायची तिथे अंधार आणि थंडी, वर हवासुद्धा विरळ, ती जनावरं फार दिवस टिकत नसत यात नवल नाही. पुढे वाफेची यंत्रं आली, तीही ठेवलीत, पण त्यांच्यापाशी कोणी थांबत नाही, आम्हीपण नाही थांबलो.

नाण्यांच्या खोलीत मात्र वेळ काढा. सुरुवातीची नाणी हातोड्याने ठोकलेली, एकही धड गोल नाही, कडा तासून चांदी चोरणाऱ्यांची चंगळ. आणि चोरी फक्त बाहेर नव्हती. 1640 च्या दशकात टांकसाळीतच घोटाळा चालू होता, नाण्यात चांदी कमी आणि तांबं जास्त, आणि हे होऊ नये म्हणून ज्याला कस तपासायला ठेवलेला तोच सामील. नाणी युरोपात जाऊन पोचल्यावर सावकारांनी घ्यायलाच नकार दिला, स्पेनच्या राजाची पत गेली, मग चौकशी लागली आणि गोमेझ दे ला रोचा नावाचा बडा चांदीवाला आणि तो कस तपासणारा, दोघांनाही मृत्युदंड. आपल्याकडे सराफाच्या दुकानात हॉलमार्क कशाला हवा म्हणून कुरकुरणाऱ्या काकांना इथे एक चक्कर घडवायला पाहिजे. पुढच्या दालनात तिजोऱ्या आहेत, एकीचं झाकण उघडं ठेवलंय, एक किल्ली फिरवली की झाकणाच्या चारी बाजूंनी खटके बाहेर येतात. लहान मुलं तिथून हलत नव्हती, मोठेही.

वर चित्रांच्या दालनात एक चित्र आहे, कोणी काढलं माहीत नाही असं, त्यात व्हर्जिन मेरीचा झगा म्हणजेच सेरो रिको डोंगर. त्या झग्यावर बारीक बारीक वाटा, लामा, माणसं, आणि खाली पोप न् राजा. माता धरित्री आणि येशूची आई एकाच चित्रात घालून टाकलीय, आणि चर्चलाही काही म्हणता येऊ नये अशी. हे एक चित्र बघायला म्हणून तिकीट काढलं तरी वसूल.

आपल्या वाचकांना यात काय, असं विचाराल तर सांगते. आपल्याकडे चांदीच्या खाणी फारशा नव्हत्याच, मुघलांचा रुपया चालायचा तो बाहेरून येणाऱ्या चांदीवर. पोतोसी आणि मेक्सिकोची चांदी स्पेनला जायची, तिथून लेव्हान्ट (भूमध्य समुद्राचा पूर्व किनारा), मोखा (येमेनचं बंदर), इराण अशी फिरत फिरत नाहीतर युरोपियन कंपन्यांच्या जहाजातून थेट सुरतेला यायची आणि तिथल्या टांकसाळीत वितळवून तिचे रुपये पाडायचे. गोव्यातही पोर्तुगीजांकडून रियाल यायचेच. महाराजांनी 1664 आणि 1670 मध्ये सुरत मारली तेव्हा हाती लागलेल्या चांदीत थोडीफार याच डोंगरातली असणार, हा माझा अंदाज, पण लांबचा नाही वाटत. टांकसाळीत हा भाग सांगत नाहीत, तिथला नकाशा मनिला आणि सेव्हिलपाशी थांबतो. विचारलं तर गाइडबाईंनी छान रस घेऊन ऐकलं.

आता खाण. ज्यांच्याकडे बुक केलं त्यांचं नाव लिहीत नाही, कारण गल्लीत सगळेच साधारण तेच विकतात. विकतात कसं तर ऍडव्हेंचर म्हणून. पोस्टरवर हेल्मेट घालून हसणारे गोरे पोरं आणि हातात डायनामाइट. ऑफिसात मला सांगितलं छोटा ग्रुप, मास्क देणार, इंग्लिश गाइड. प्रत्यक्षात दोन ग्रुप एकत्र कोंबले, मास्क म्हणजे ते साधे कापडी, तेसुद्धा सगळ्यांना पुरले नाहीत, आणि बुटांच्या जोडीत एक पाय मोठा एक लहान. विचारलं तर म्हणे आत गेल्यावर कळत नाही. पैसे परत मागितले तर 'माञाना', म्हणजे उद्या या. त्या उद्याला आमची बस होती.

गाइड मात्र सोन्यासारखा. स्वतः खाणीत काम केलेला, म्हणून दोन स्टार त्याचेच आहेत. आधी खाणकामगारांच्या बाजारात नेतात, तिथे आपण कामगारांसाठी भेट म्हणून चघळायची कोकाची पानं, कोल्ड्रिंक, सिगारेटी घ्यायच्या, डायनामाइट पण उघड्यावर विकायला, भाजीच्या शेजारी. मग आत. पहिली काही मिनिटं गार पाणी, चिखल, वाकून चालायचं, डोकं दोनदा आपटतं, आणि मग हळूहळू गरम व्हायला लागतं, श्वास लागतो, आणि गाइड अचानक ओरडतो बाजूला व्हा! भिंतीला चिकटायचं आणि रुळांवरून दगडांनी भरलेली गाडी तीनचार माणसं पळत ढकलत नेतात. गालात कोकाचा गोळा, अंगावर धूळ. त्यातला एक मुलगा फार लहान दिसला मला, वय विचारायचं धाडस नाही झालं. पुढे कोनाड्यात एल तिओ, शिंगंवाला मातीचा पुतळा, जमिनीखालचा मालक. त्याच्या तोंडात पेटवलेली सिगारेट, गळ्यात रंगीत पताका, पायाशी कोकाची पानं, आणि जमिनीवर शिंपडायला 96 टक्के अल्कोहोल, थोडं तिओला आणि थोडं स्वतःला. वर देव, खाली तिओ, अशी वाटणी आहे आणि ती मंडळी ती गंभीरपणे पाळतात, आमच्यातले दोघं त्याच्याबरोबर सेल्फी काढून खिदळत होते ते बघून लाज वाटली.

टांकसाळीत मीता या शब्दावरून पटकन पुढे जातात, खाणीत तो समजतो. 1570 च्या दशकात पेरूचा स्पॅनिश व्हाइसरॉय तोलेदो याने वेठबिगारी लावली, तीच मीता, आसपासच्या प्रांतांतल्या गावांनी दर सात बाप्यांतला एक इथे पाठवायचा, वर्षाला साडेतेरा हजारांच्या आसपास माणसं, काही तर शेकडो मैल बायकापोरांसकट चालत. वर पेरूतल्या वांकावेलिकाहून येणारा पारा, चांदी सुटी करायला तो दळलेल्या खनिजात पायाने कालवायचा, म्हणजे खाणीत नाही मेला तर गिरणीत. गाइड 80 लाख मेले म्हणून सांगतो, सगळे गाइड सांगतात, पण इतिहासकार तो आकडा मानत नाहीत आणि खरं सांगायचं तर इतका मोठा आकडा लागतच नाही, समोरचं पुरेसं आहे. चांदीतला राजाचा पाचवा हिस्सा आधी बाजूला, मग बाकीच्यांचं.

आणि हे संपलेलं नाही हो. अजूनही हजारो लोक सहकारी मंडळ्यांमधून आत काम करतात, आता मुख्यतः जस्त, शिसं, कथील आणि थोडी चांदी, धुळीने फुप्फुसं जातात, वरून डोंगर इतका पोखरलाय की शिखराजवळ खचलाय. युनेस्कोने 1987 मध्ये गाव यादीत घेतलं आणि 2014 मध्ये धोक्यातल्या यादीत टाकलं. म्हणून ऍडव्हेंचर हा शब्द मला खटकला. लोकांचं कामाचं ठिकाण आहे ते. जाऊच नका असं म्हणत नाही, कामगारांना टूरचा पैसा आणि भेटी हव्याच असतात असं गाइड स्वतः म्हणाला, पण पूर्वी खाणीत काम केलेल्यांनीच चालवलेली टूर शोधा, पैशातला किती वाटा कामगारांच्या सहकारी मंडळीला जातो ते तोंडावर विचारा, आणि उडवून दाखवायचा डायनामाइट शो पॅकेजमध्ये असेल तर सरळ नाही म्हणा. दमा, बीपी, बंद जागेची भीती, यातलं काहीही असेल तर जाऊ नका, आत मध्येच परत फिरायची सोय नसते.

बाकी, टांकसाळीत जाड जॅकेट घालून जा, बाहेर ऊन असलं तरी आत गारठा. सोमवार टाळा. शाकाहारी असाल तर गावात अंडी, बटाटे आणि पिझ्झा यावर भागवायची तयारी ठेवा. तो गरम दगड टाकून उकळता आणतात तो मक्याचा सूप फेमस आहे पण त्यात मांस असतं, आधी विचारा. आणि पोचल्या दिवशी खाणीचं बुकिंग अजिबात करू नका, हॉटेलच्या जिन्यानेच दम काढलेला असतो, पहिला दिवस टांकसाळीचा ठेवा.