इन्ट्राओरल स्कॅनर घेताय? आधी हे वाचा

दातांच्या क्लिनिकमध्ये स्कॅनर (तोंडात कॅमेरा फिरवून दातांचं डिजिटल माप घेणारं मशीन) आणून बरेच महिने झाले, आणि मनापासून सांगते, क्राउन-ब्रिजच्या (दातावरची टोपी आणि गेलेल्या दाताच्या जागी बसवायचे जोडलेले दात) कामाला मशीन एकदम भारी आहे. मापाचा ट्रे तोंडात घातला की ज्यांना उमासे यायचे ते पेशंट आता निवांत बसतात, आणि घासलेला दात स्क्रीनवर मोठा करून बघता येतो, मार्जिन (घासलेल्या भागाची कड) कुठे अस्पष्ट आलीय ते तिथल्या तिथे कळतं, तेवढाच भाग खोडून परत स्कॅन करायचा, झालं. फक्त दात कोरडा हवा, हिरडीतून रक्त येत असेल तर कॅमेऱ्याला मार्जिन दिसतच नाही, म्हणून कॉर्ड (हिरडी बाजूला सारणारा दोरा) नीट लावा. पूर्ण कवळीचं माप मात्र मी अजून जुन्याच पद्धतीने घेते.

विकणाऱ्याने स्कॅनरला लागणाऱ्या लॅपटॉपबद्दल चकार शब्द काढला नव्हता! ग्राफिक्स कार्ड तगडं नसेल तर चित्र अडकत अडकत येतं, तो खर्च वेगळा पडला, रागच आला. दात बनवून देणाऱ्या आपल्या लॅबवाल्याला आधी विचारा की त्याच्याकडे एसटीएल फाइल (स्कॅनची थ्रीडी फाइल) चालते का, आणि ती फाइल फुकट बाहेर काढता येते का, वर्षाची फी किती, टिप (स्कॅनरचं तोंडात जाणारं टोक) ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात) किती वेळा टिकते हे कंपनीकडून लेखीच घ्या.