'घराची किंमत वाढवून देतो' म्हणणाऱ्या ठेकेदारापासून सावध राहा

जुना फ्लॅट विकायला काढलाय आणि कुणी सांगतंय, 'थोडा खर्च करा, घराला वीस लाख जास्त मिळतील', तर पैसे देण्याआधी हे नक्की वाचा. माझ्या आई-बाबांचे अकरा लाख अशाच बोलण्यात गेले. दोघंही सत्तरीच्या पुढचे आहेत आणि त्या पैशात बाबांच्या प्रॉव्हिडंट फंडाची रक्कम होती. मला त्याची चीड आहे, आणि दुसऱ्या कुणाच्या आई-बाबांवर ही वेळ येऊ नये म्हणून सगळं सांगतेय.

घर पुण्यात, सिंहगड रस्त्याला. नव्वदच्या दशकातली सोसायटी, तिसरा मजला, टू बीएचके, हॉलला लागून मोठी बाल्कनी. नाशिकला भावाजवळ राहायला जायचं म्हणून विकायचं ठरलं. एजंट घर बघून म्हणाला, "काका, जागा एक नंबर आहे, पण घर जुनाट दिसतं. गिऱ्हाईक आता मोबाइलवर फोटो बघूनच ठरवतं." मग तोच एका इंटिरियरवाल्याला घेऊन आला. त्यानं लॅपटॉपवर घराची रंगीत चित्रं दाखवली आणि एक छापील कागद आईच्या हातात दिला. वर ठळक अक्षरांत 'व्हॅल्यूएशन रिपोर्ट', आत सध्याची किंमत 78 लाख, कामानंतरची 1 कोटी 2 लाख, खाली निळा गोल शिक्का.

तो शिक्का त्याच्या स्वतःच्या फर्मचा होता. खरा मूल्यांकन अहवाल नोंदणीकृत मूल्यांकनकार देतो. त्यावर त्याचं नाव, सही आणि नोंदणी क्रमांक असतो, आणि तो घर आहे त्या स्थितीत पाहून, मोजून लिहिलेला असतो. जो माणूस काम घेणार आहे त्यानंच काम झाल्यावर किती किंमत येईल ते लिहून दिलं, तर त्याला अहवाल म्हणत नाहीत. ती जाहिरात असते.

सगळ्यात मोठं नुकसान बाल्कनीनं केलं. "बाल्कनी हॉलमध्ये घेतली की कार्पेट वाढतं, आणि पुण्यात कार्पेटलाच भाव आहे," हे त्याचं म्हणणं. हे साफ खोटं आहे. 2016 च्या रेरा कायद्यात कार्पेट एरियाची, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेची, जी व्याख्या आहे, तिच्यात बाल्कनी धरलेलीच नाही. मधली भिंत पाडली म्हणून करारनाम्यातलं क्षेत्रफळ एक इंचही वाढत नाही. बाबांनी परवानगीचं विचारलं होतं. त्यावर उत्तर आलं, "सोसायटी आणि महापालिका दोन्ही माझ्याकडे लागलं, काका." त्यासाठी त्यानं 60 हजार रोख घेतले. पावती आज देतो, उद्या देतो असं करत दिलीच नाही. अर्ज कुठेच केलेला नव्हता, हे सोसायटीच्या सेक्रेटरींचं पत्र आलं तेव्हा कळलं.

भिंत पाडून त्यानं बाल्कनीची फरशी हॉलच्या पातळीला आणायला खाली चांगली चार बोटं भर टाकली आणि वर टाइल्स बसवल्या. बाल्कनीचा स्लॅब एका बाजूनं अधांतरी असतो. त्यावर असा कायमचा भार टाकायचा की नाही, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरनं सांगायचं असतं. इथे मिस्त्रीनं मनानं केलं. शिवाय भर टाकताना पाण्याचा उतार गेला आणि जाळीचं तोंड बुजलं. पहिल्याच पावसाळ्यात खिडकीच्या फटीतून आत आलेलं पाणी टाइल्सखाली मुरलं आणि खालच्यांच्या छताला ओल आली.

मग गिऱ्हाईक आलं. तरुण नवरा-बायको, घर आवडलं, टोकन द्यायला तयार. त्यांना कर्ज काढायचं होतं. बँकेचा मूल्यांकनकार मंजूर नकाशा हातात घेऊनच आला, टेपनं मोजलं, आणि 'बाल्कनी बंदिस्त, मंजूर नकाशाशी विसंगत' असा शेरा मारून गेला. फॉल्स सीलिंग, भिंतीवरचे पॅनल, टीव्ही युनिट यांच्याकडे त्यानं फारसं पाहिलंही नाही. बँकेनं बाल्कनी पूर्ववत करायला सांगितलं, त्या दोघांनी माघार घेतली. अशा बांधकामावर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 53 खाली पाडून टाकण्याची नोटीस येऊ शकते, हेही तेव्हाच समजलं. आता ती भिंत परत बांधून घेतली आहे. त्याचा खर्च त्या अकरा लाखांखेरीज वेगळा.

प्लायचं तर डोळ्यांदेखत झालं. कोटेशनमध्ये स्वयंपाकघराला '710 मरीन प्लाय', म्हणजे पाण्यात टिकणारा प्लाय, लिहिलं होतं आणि नमुना म्हणून वीतभर लांबीचा जड, घट्ट तुकडा दिला होता. त्यावर आयएसआयची खूण आणि आयएस 710 छापलेलं. पावसाळा संपता संपता सिंकखालच्या कपाटाचा तळ फुगला. मी लॅमिनेटची कड नखानं उचलली तर खालचे थर वहीच्या भिजलेल्या पानांसारखे सुटे झाले. आत कुठलाच छाप नव्हता. आयएस 710 च्या प्लायला 72 तास उकळत्या पाण्याची चाचणी सोसावी लागते. सिंकच्या ठिबकणाऱ्या पाण्यानं तो असा फुगत नाही. म्हणून नमुन्यावर जाऊ नका. माल घरी उतरतो तेव्हा उभे राहा आणि प्रत्येक शीटवरचा छाप बघा. आयएसआय खुणेजवळ सीएम/एल असं लिहून लायसन्स क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकला की कंपनीचं नाव आणि लायसन्स चालू आहे का ते दिसतं. शीट कापून सनमायका चिकटवला की काही तपासता येत नाही. म्हणूनच ही माणसं तुम्ही घरात नसताना कापाकापी उरकतात.

मापातही हात मारला. कपाटांचा दर चौरस फुटाला ठरला तेव्हा समोरच्या बाजूचं माप धरायचं असं तोंडी बोलणं झालं होतं. बिलात बाजूच्या फळ्या, आतले कप्पे, पाठ, सगळं वेगळं मोजलेलं निघालं. माप कसं धरणार, त्यात बिजागऱ्या, चॅनेल, हँडल धरलेत की नाहीत, हे कोटेशनवरच लिहून घ्या.

पैसे निम्मे आगाऊ, पुढचे माल आल्यावर. जवळजवळ सगळे पोचल्यावर पॉलिश आणि बाथरूमचं वॉटरप्रूफिंग बाकी ठेवून तो फोन उचलेनासा झाला. एजंटनं कानांवर हात ठेवले. त्याला या कामात दहा टक्के मिळाले होते, हे आम्हाला सुतारानं सांगितलं. बिचाऱ्याची स्वतःची मजुरीही बुडाली होती, तीच मागायला तो आमच्या दारात आला होता.

एक आणखी. "बिल केलं तर 18 टक्के जीएसटी बसेल, काका, उगाच कशाला," असं म्हणून त्यानं बरीच रक्कम रोख घेतली. घर विकताना ज्या भांडवली नफ्यावर कर बसतो त्यातून सुधारणेचा खर्च वजा मागता येतो, पण त्याला पुरावा लागतो. बिल नाही म्हणजे तोही मार्ग बंद, आणि तक्रार करतानाही हात बांधलेले.

विकण्याआधी घरावर काहीच करू नये असं मी म्हणत नाही. आमच्या घरात बाथरूमची गळती काढून तळाला नवं वॉटरप्रूफिंग, त्यावर 48 तास पाणी साठवून खाली ओल येते का ते बघणं, जुनी वायरिंग बदलून चांगले एमसीबी (जास्त भार आला की वीज आपोआप तोडणारे स्विच), गंजलेल्या लोखंडी जीआय पाइपांच्या जागी प्लास्टिकचे सीपीव्हीसी पाइप आणि साधा स्वच्छ रंग, एवढं पुरेसं होतं. अशा आतल्या कामाला महापालिकेची परवानगीही लागत नाही. नंतर आलेल्या प्रत्येकानं विचारलं ते गळतीचं, पार्किंगचं, लिफ्टचं, शेअर सर्टिफिकेटचं आणि सोसायटीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन आणि इमारत बिल्डरकडून सोसायटीच्या नावावर होणं, झालंय का याचं. फॉल्स सीलिंगचं कौतुक झालं, पण त्यापायी एकानंही भाव वाढवला नाही. घेणारा आपल्या आवडीनं सगळं बदलणारच असतो. आमचा खरा कमीपणा कन्व्हेयन्सचा होता. ते नसेल तर मानीव अभिहस्तांतरणासाठी (डीम्ड कन्व्हेयन्स) सोसायटीच्या मागे लागा.

आम्ही जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे गेलो आहोत. कोटेशन, व्हॉट्सॲपवरचे निरोप, बँकेतून गेलेल्या रकमांचे उतारे, फुगलेल्या प्लायचे फोटो आणि तो 'व्हॅल्यूएशन रिपोर्ट', सगळं जोडलंय. 50 लाखांपर्यंत दिलेल्या मोबदल्याची प्रकरणं जिल्हा आयोगाकडे चालतात, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. ठेकेदार 'करून देतो, करून देतो' म्हणत नेमकी तीच घालवतो, म्हणून पुरावा हातात असेल तर त्याच्या शब्दावर थांबू नका. आधी काय करायचं ते सुचत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे.