सी शिकायला जीनी, नोटपॅड प्लस प्लस, सबलाइम की व्हीएस कोड? आधी स्कॅनएफ चालवून बघा

विंडोजचा लॅपटॉप, रॅम ४ जीबी, पहिलं सेमिस्टर आणि विषय सी. एडिटर कोणता घेऊ, असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, कंपायलर टाकलास का? कंपायलर म्हणजे सी-चा कोड चालणाऱ्या फाइलमध्ये बदलणारा प्रोग्राम. एडिटर काहीच कंपाइल करत नाही. बटण दाबलं की तो कंपायलरला हाक मारतो, इतकंच. ती हाक ऐकायला कुणी नसेल तर खालचे चारही एडिटर सारखेच बिनकामाचे.

विंडोजवर जीसीसी हा कंपायलर मिळवायचे दोन चांगले रस्ते आहेत. एमसिस-२ (MSYS2) टाकलं तर त्यातल्या पॅकमन या इन्स्टॉलरने हवं ते उतरवता येतं आणि पुढे अपडेटही करता येतं, पण जागा बरीच खातं. डब्ल्यू-६४-डेव्हकिट (w64devkit) मात्र नुसतं एका फोल्डरात उलगडायचं. जीसीसी, डीबगर, मेक सगळं त्यातच असतं. नेट तुटपुंजं असेल आणि मित्राच्या पेनड्राइव्हवरून आणायचं असेल तर दुसराच बरा. जुन्या व्हिडिओंत दाखवतात ते मूळ मिनजीडब्ल्यू टाळा, त्यातलं जीसीसी बरंच जुनं आहे.

एमसिसमध्ये एक खड्डा आहे, त्यात मीही पडलोय. पॅकमनला नुसतं 'जीसीसी' मागितलं तर तो एमसिसच्या स्वतःच्या वातावरणातला कंपायलर देतो, आणि त्याने बनवलेली एक्सई फाइल एमसिसच्या डीएलएलशिवाय चालत नाही. यूसीआरटी-६४ वातावरणातलं जीसीसी (mingw-w64-ucrt-x86_64-gcc हे पॅकेज) मागा, आणि पाथमध्येही, म्हणजे विंडोज प्रोग्राम जिथे शोधतं त्या फोल्डरांच्या यादीतही, यूसीआरटी-६४ च्या आतलंच बिन फोल्डर टाका. पाथ बदलल्यावर उघडा असलेला एडिटर आणि कमांड प्रॉम्प्ट दोन्ही बंद करून परत उघडायचे. त्यांना जुनाच पाथ माहीत असतो, आणि 'सगळं बरोबर केलं तरी चालत नाही' या तक्रारीमागे बरेचदा एवढंच असतं.

आता एडिटर. मी सगळ्यांना एकच परीक्षा देतो: स्कॅनएफने दोन संख्या विचारायच्या आणि बेरीज दाखवायची. नवशिक्याचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम असंच काहीतरी विचारतो.

सबलाइम टेक्स्ट दिसायला देखणा, उघडायला झटपट. पण बिल्ड केल्यावर खाली जी पट्टी येते तिच्यात काही टाइपच करता येत नाही. प्रोग्राम संख्या मागतो आणि तुम्ही द्यायची कुठे? वेगळी बिल्ड सिस्टिम लिहून बाहेरची खिडकी उघडता येते, पण पहिल्याच आठवड्यात हे कोण करणार?

नोटपॅड प्लस प्लसमध्ये एफ-५ दाबून रनच्या चौकटीत पूर्ण आज्ञा स्वतः लिहावी लागते. एकदा लिहून शॉर्टकट दिला की काळी खिडकी उघडते आणि संख्या बिनबोभाट देता येतात. पण फाइल आधी सेव्ह केली नाही तर जुनाच मजकूर कंपाइल होतो. चूक सतराव्या ओळीवर असेल तर सतरावी ओळ आपणच शोधायची.

जीनी फारसा कुणी सुचवत नाही, आणि मला तोच आवडतो. जीसीसी पाथमध्ये असेल तर सेटिंग जवळजवळ शून्य: एफ-९ ने बिल्ड, एफ-५ ने रन. वेगळी खिडकी उघडते, संख्या घेते आणि उत्तर वाचून होईपर्यंत थांबते. चुकीवर क्लिक केलं की कर्सर थेट त्या ओळीवर. फक्त एफ-५ परत बिल्ड करत नाही. एफ-९ विसरलात तर दुरुस्ती केलेली असूनही जुनंच उत्तर येतं. आणि मागच्या काळ्या खिडकीत प्रोग्राम अजून चालूच असताना बिल्ड केलंत तर 'परमिशन डिनाइड' येतं. व्हायरस वगैरे काही नाही, खिडकी बंद करा.

व्हीएस कोड हलका म्हणवतो, पण तो इलेक्ट्रॉनवर, म्हणजे पोटात अख्खा क्रोमियम ब्राउझर घेऊन चालतो. ४ जीबीच्या मशीनवर शेजारी ब्राउझर उघडलात की पंखा घरघरतो. सी-चं एक्स्टेन्शन टाकलं तरी त्यात कंपायलर येत नाही. कोड रनर नावाचं एक्स्टेन्शन टाकलंत तर सबलाइमचंच दुखणं इथेही: आउटपुटच्या पट्टीत टाइप होत नाही. मात्र सेटिंगमध्ये 'रन इन टर्मिनल' चालू केलं की मिटतं. आणखी एक गंमत म्हणजे टास्क्सची जेसन फाइल, म्हणजे बिल्डच्या सेटिंगची फाइल, समोर उघडी असताना एफ-५ दाबलं तर तो ती फाइलच कंपाइल करायला जातो.

तरीही लिंक्ड लिस्ट शिकायला लागाल तेव्हा व्हीएस कोडच घ्या. पॉइंटर कुठे भरकटला हे एकेक ओळ पुढे सरकत, व्हेरिएबलच्या किमती शेजारी बघत शोधता येतं. बाकी तिघांत अशी आयती सोय नाही, प्रिंटएफ पेरत बसावं लागतं. रॅम ८ जीबी असेल तर पहिल्या दिवसापासून तोच घ्यायला माझी हरकत नाही. ४ जीबी असेल तर आत्ता जीनी, पुढच्या वर्षी व्हीएस कोड. कंपायलर तोच राहतो, तो परत टाकावा लागत नाही.

आपल्याकडच्या काही लॅबमध्ये अजून डॉसबॉक्समधलं (जुने डॉसचे प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं) टर्बो सी हे जुनं कंपायलर भेटतं. तिथला प्रोग्राम घरी आणलात तर क्लिअरस्क्रीनची आज्ञा जीसीसी ओळखत नाही, ती ओळ काढून टाका. घरून तिकडे नेताना जास्त सांभाळा: टर्बोचा इंट २ बाइटचा, ३२७६७ च्या पुढे गेला की उत्तर उणे येऊ शकतं, म्हणून ८ चं फॅक्टोरियल काढायला लाँग वापरा. फॉरच्या कंसात व्हेरिएबल जाहीर केलेलं त्याला चालत नाही, ते ब्लॉकच्या सुरुवातीलाच हवं. फाइलचं नावही ८ अक्षरांच्या आत ठेवा.