पट्टी काळी झाली, सिगारेट काही सुटली नाही

पहिल्या रात्री तळपायाला चिकटवलेली पट्टी सकाळी काढली, तर ती तपकिरी, चिकट आणि धुरकट वासाची झाली होती. लावताना पांढरीशुभ्र होती. ती बेसिनच्या कडेवर ठेवून मी कितीतरी वेळ बघत उभा राहिलो. एका रात्रीत एवढी घाण निघत असेल, तर एकवीस रात्रींत आपण धुतल्या तांदळासारखे होणार, असं मला मनापासून वाटलं. हसू नका. मी हिशेब तपासण्याचं काम करतो. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेतो.

एकोणीस वर्षं ओढत होतो, दिवसाला चौदा-पंधरा. सोडायचा प्रयत्न पाच वेळा करून झाला होता. ‘हे शेवटचं पाकीट’ म्हणून घेतलेली पाकिटं रचली असती तर भिंत झाली असती. मग एके दिवशी मुलगा मांडीवर बसला आणि लगेच उठला. ‘बाबा, तुमच्या शर्टाला वास येतो,’ एवढंच म्हणाला आणि खेळायला गेला. त्या रात्री दीड वाजता मी फोनवर सिगारेट सोडायचे उपाय शोधत होतो. बाल्कनीत एक ओढून आल्यावर, हेही सांगतो.

एक जाहिरात दिसली. त्यात पाच प्रश्नांचा फॉर्म होता. शेवटचा प्रश्न असा: तुमच्या व्यसनाचा सगळ्यात जास्त त्रास कुणाला होतो? मी लिहिलं, मुलाला. सकाळी साडेनऊला फोन. ‘सर, निदान लेकरासाठी तरी सोडायला हवी ना?’ माझ्या घशात आवंढा आला. किती ओळखलं या माणसाने मला! रात्री मीच लिहून दिलेलं तो मला वाचून दाखवत होता, हे माझ्या ध्यानात यायला दोन महिने लागले.

त्याने स्वतःला ‘व्यसनमुक्ती सल्लागार’ म्हणवलं. फोटोत अंगावर पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप. नावाआधी मात्र डॉक्टर लिहिलेलं नव्हतं. ते आपण आपल्या मनाने लावायचं. त्याचं म्हणणं असं की निकोटीन रक्तात वर्षानुवर्षं साठून राहतं, म्हणून तलफ येते. पट्टी ते तळपायातून ओढून घेते. निकोटीन गेलं की तलफ गेली. ‘इच्छाशक्ती लागतच नाही, सर.’ मी पैसे मोजले ते या वाक्यासाठी. पाच वेळा तोंडावर आपटलेल्या माणसाला दुसरं काय ऐकायचं असतं? वर शंभर टक्के पैसे परत मिळण्याची हमी, आणि आजच्या दिवसापुरते शेवटचे तीन संच. आकडा सांगत नाही, लाज वाटते. चार महिन्यांच्या सिगारेटी आल्या असत्या त्यात. तेव्हा मी तेच गणित उलटं मांडलं होतं: चार महिन्यांत वसूल! बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, आणि आम्हा ओढणाऱ्यांच्या खिशात काडी कायमच असते.

खोक्यात पट्ट्यांसोबत एक घडी केलेला कागद होता, मुंगीएवढ्या अक्षरांत. त्यातली दुसरी सूचना: ‘कोर्स सुरू करण्यापूर्वी सलग ७२ तास धूम्रपान पूर्ण बंद ठेवावे.’ मला ते शास्त्रीय वाटलं. ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवतात, तसं काहीतरी असेल म्हटलं.

या ७२ तासांतच सगळी गोम आहे. निकोटीन शरीरात वर्षानुवर्षं साठून वगैरे राहत नाही. साधारण दर दोन तासांनी रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. यकृत त्याचं कोटिनिन करतं, ते निम्मं व्हायला सोळा-अठरा तास लागतात, आणि लघवीवाटे तेही निघून जातं. तीन-चार दिवसांत शरीर जवळजवळ मोकळं होतं, ना पट्टी ना गोळी. आणि सोडल्यानंतरचा त्रास सगळ्यात जास्त कधी होतो? दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. म्हणजे शरीर जे फुकट करतं ते मी स्वतःच करून घ्यायचं, सगळ्यात वाईट दिवस एकट्याने काढायचे, आणि चौथ्या रात्री पट्टी चिकटवून श्रेय तिला द्यायचं.

ते तीन दिवस मला अजून आठवतात. पहिला दिवस हात कुठे ठेवायचे या विचारात गेला. दुसऱ्या दिवशी चमचा चुकीच्या खणात ठेवला म्हणून बायकोशी भांडलो. तिसऱ्या संध्याकाळी बाल्कनीतल्या कुंडीतली माती बोटाने उकरली, जुनं एखादं थोटूक सापडतंय का म्हणून. सापडलं. पावसाने भिजलेलं होतं म्हणून वाचलो. चौथ्या रात्री पट्टी लावली, पाचव्या दिवशी खरंच हलकं वाटलं. मी तिघांना त्या कंपनीचा नंबर दिला. पैशांपेक्षा ते जास्त टोचतं.

अकराव्या दिवशी ऑफिसात साहेबांनी चारचौघांत झापलं आणि मी थेट जिन्यात गेलो. एकाची दोन झाली, संध्याकाळपर्यंत सहा. आता वाटतं, हे होणारच होतं. शरीरातलं निकोटीन गेलं तरी एकोणीस वर्षांची सवय जिन्यात उभी राहून वाट बघत असते. पट्टी तळपायाला होती; जिना, साहेब आणि जेवणानंतरची ती दहा मिनिटं यांना कोणी काही लावलं नव्हतं.

फोन केला. तोच मधाळ आवाज. ‘सर, पट्टीने तिचं काम केलं. तुमचं मन कमी पडलं.’ इच्छाशक्ती लागतच नाही म्हणणारा हाच माणूस! हमीचं विचारलं तर म्हणाला, अट क्रमांक नऊ वाचा. कोर्सच्या काळात एकही झुरका घेतल्यास हमी रद्द. म्हणजे ज्याची सिगारेट सुटली तो पैसे मागणार नाही आणि ज्याची सुटली नाही त्याला मिळणार नाहीत. हिशेब तपासणारा माणूस मी, हे कलम आधी वाचलं असतं तर खोकं फोडलंच नसतं.

आणि एवढं झाल्यावरही मी ‘पुढच्या टप्प्याच्या’ हर्बल गोळ्या घेतल्या. हो, घेतल्या. अपराधी वाटत असलेल्या माणसाला काहीही विकता येतं. डबीवर घटकांमध्ये लोबेलिया लिहिलं होतं. या वनस्पतीतल्या लोबेलिनला निकोटीनचा पर्याय म्हणून खपवणं फार जुनं आहे. अमेरिकेच्या औषध नियामकाने १९९३ मध्येच सिगारेट सोडवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या लोबेलिनच्या उत्पादनांवर बंदी आणली, कारण त्याने सिगारेट सुटते हे कुणाला दाखवताच आलं नव्हतं. मला त्या गोळ्यांनी मळमळलं, बस.

भांडं फोडलं ते बायकोने. तिने जन्मात सिगारेटला हात लावलेला नाही. उरलेल्या पट्ट्या बघून म्हणाली, ‘अहो, मलाही एक द्या बघू.’ रात्री लावली. सकाळी तिने पट्टी काढून माझ्या जुन्या पट्टीशेजारी बेसिनवर ठेवली. तिची माझ्यापेक्षा गडद. दोघंही काही बोललो नाही. मग ती हळूच म्हणाली, ‘मी कधीपासून ओढते हो?’

पट्टीत लाकडाच्या धुरापासून काढलेल्या व्हिनेगरची भुकटी होती. ओल लागली की ती तपकिरी होते. घामाची असो की नळाची. धुरकट वासही तिचाच, माझ्या फुप्फुसांचा नव्हे. शोधल्यावर कळलं की अशाच, पायावाटे शरीरातली विषं ओढून घेतात म्हणून खपवलेल्या पट्ट्यांच्या विक्रेत्यांवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ मध्ये दावा लावला होता. इतकी जुनी युक्ती! फक्त ‘विषं’ खोडून त्या जागी ‘निकोटीन’ लिहिलं होतं.

पैसे परत मिळाले नाहीत. जाहिरातीचं पान तोवर गायब झालं होतं, हमीबद्दल जे काही बोलणं झालं ते फोनवर, आणि मी एकही स्क्रीनशॉट ठेवला नव्हता. हप्ते आपोआप कापले जात होते. बँकेत जाऊन ती परवानगी रद्द केली, त्यामुळे शेवटचा हप्ता तेवढा वाचला. तुमचं असं काही चालू असेल तर भांडत बसण्याआधी हे करा. मी तीन आठवडे घरी-दारी गप्प राहिलो. सिगारेट सुटत नाही ही एक लाज, सोडण्यासाठी फसलो ही दुसरी. आपलेच दात आणि आपलेच ओठ. असले धंदे आपल्या या गप्प बसण्यावर तगतात.

शेवटी खऱ्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘सकाळी उठल्यावर पहिली किती वेळाने?’ मी म्हटलं, दहा मिनिटांत. त्यांनी ते लिहून घेतलं. व्यसन किती खोल आहे याचं ते मोठं माप असतं. मग निकोटीनच्या पट्टीबद्दल सांगितलं आणि मला हसू आलं. खरी पट्टी निकोटीन ओढून घेत नाही, उलट देते! थोडं थोडं, कातडीतून, धुराशिवाय. सहसा २१ मिलिग्रॅमपासून १४ आणि मग ७ वर उतरत. तलफ मरत नाही, तिची धार बोथट होते. भामट्यांनी नाव इथून उचललं आणि काम बरोबर उलटं सांगितलं. व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन, सायटिसिन या गोळ्यांचंही ते बोलले. निकोटीनच्या उपचारांसोबत हीच औषधं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांतही आहेत. कुणाला काय चालेल ते तपासूनच द्यावं लागतं. ब्युप्रोपिऑन फिट येणाऱ्याला देत नाहीत.

मला पट्टी आणि जोडीला ४ मिलिग्रॅमचं निकोटीन गम मिळालं. ते मी आधीच्या एका प्रयत्नात खाल्लं होतं आणि ‘काही उपयोग नाही’ म्हणून फेकलं होतं. साध्या च्युइंगगमसारखं कचाकचा चघळलं, उचक्या लागल्या. खरी रीत अशी: चार-सहा वेळा हळू चावायचं, जिभेला झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं, झिणझिण्या गेल्या की पुन्हा चावायचं. अर्धा तास. त्याआधी पंधरा मिनिटं कॉफी किंवा आंबट पेय नको, नाहीतर निकोटीन तोंडात नीट शोषलंच जात नाही. त्या मुंगीएवढ्या अक्षरांच्या कागदावर असं कामाचं एकही वाक्य नव्हतं.

हमी मात्र डॉक्टरांनी दिली नाही. मीच विचारलं होतं, सवय लागली होती ना. ते म्हणाले, नुसत्या मनाच्या जोरावर सोडणाऱ्या शंभरांतले तीन ते पाच जण सहा-बारा महिन्यांनी सिगारेटशिवाय असतात. औषध आणि समुपदेशनाने हा आकडा वाढतो, पण पुन्हा सुरू होणं हे नेहमीचं आहे, तसं झालं तर लपवू नका, या. ‘या’ म्हणाले. ‘मन कमी पडलं’ नाही म्हणाले. दोन वेळा गेलो तसा. आता चौदा महिने झालेत. मुलगा मांडीवर बसतो. अर्थात आता तो जड झालाय.

मध्यंतरी त्या कंपनीचा पुन्हा फोन आला. जुन्या ग्राहकांसाठी खास सवलत म्हणे! मी विचारलं, ‘तुमच्या हमीने सुटली असती तर मी जुना ग्राहक म्हणून उरलो असतो का?’ तिकडून फोन ठेवला गेला.

एक पट्टी मी ऑफिसच्या खणात जपून ठेवली होती. गेल्या आठवड्यात शेजारच्या टेबलावरचा सहकारी हळूच म्हणाला, तळपायाला लावायचं काहीतरी मिळतं म्हणे, मागवू का? मी पाण्याची किटली चालू केली आणि पट्टी चिमट्याने वाफेवर धरली. पांढरी, पिवळट, मग चांगली तपकिरी. त्याने वाकून वास घेतला, किटलीकडे बघितलं आणि म्हणाला, ‘बिचारी दिवसाला किती ओढते रे?’