गाईडच्या प्रशिक्षणाला आठ महिने झाले: जुन्नरहून माझा अनुभव

लेण्याद्रीच्या सातव्या लेण्यात अष्टविनायकाच्या दर्शनाला आलेल्या आजींना काय सांगायचं, हे मला पूर्वी कळायचं नाही. समोर गिरिजात्मज, आणि आपण उभे असतो ते मुळात बौद्ध भिक्षूंच्या विहारात. हा भाग मी सरळ गाळायची. आता आधी दर्शन निवांत होऊ देते. मग भिंतींकडे बघायला सांगते. तीन बाजूंना मिळून २० खोल्या कोरलेल्या, आणि एवढ्या मोठ्या मंडपाला मध्ये एकही खांब नाही. "इथं कोण राहत असेल, आजी?" एवढंच विचारते. बहुतेकदा उत्तर त्यांच्याकडूनच येतं, आणि कुणाचं मन दुखावत नाही.

एवढ्या एका गोष्टीसाठीही मला गाईडचा तो वर्ग केल्याचं समाधान आहे. १२ दिवसांचा वर्ग होता, त्यातले चार दिवस प्रत्यक्ष जागेवर. त्याआधी तीन वर्षं मी आमच्या घरी उतरणाऱ्या पाहुण्यांना शिवनेरी आणि नाणेघाट दाखवत होते, पण लहानपणी ऐकलेलंच पुढे सांगत होते.

नाणेघाटाचंच बघा. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण दाखवून "यात जकातीची नाणी टाकत" असं मी ठामपणे सांगायची. शिकवणाऱ्या सरांनी विचारलं, "हे कशावरून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी रांजणाची गोष्ट सांगू नका असं म्हटलं नाही. "लोक असं सांगतात" हे शब्द आधी जोडा, एवढंच म्हणाले. मग गुहेत नेऊन ब्राह्मी लिपीतला सातवाहनांचा लेख दाखवला. त्यात यज्ञांची नावं आहेत, दक्षिणा म्हणून दिलेल्या गायी-घोड्यांचे आकडे आहेत. राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे आता उरले नाहीत, पण त्यांची नावं भिंतीवर आहेत. हा घाट जुन्नरहून कोकणात, कल्याण-सोपाऱ्याकडे उतरणारी व्यापाराची वाट होता, हे कळल्यावर रांजणाची गोष्टसुद्धा पाहुणे जास्त मन लावून ऐकतात. पावसाळ्यात मात्र सगळे उलट्या धबधब्यासाठीच येतात. वाऱ्याने पाणी वर का उडतं, हे सांगता सांगता मी त्यांना हळूच गुहेकडे वळवते.

निसर्गाच्या भागात प्रत्येकाला आपल्या परिसरातल्या एका झाडावर पाच मिनिटं बोलायला लावलं. मी हिरडा घेतला, कारण सासरे आजही तो गोळा करतात. कोवळी फळं वाळली की काळी पडतात, तोच बाळहिरडा. आमच्या पश्चिम पट्ट्यातल्या किती घरांचा वर्षाचा खर्च या झाडावर निघतो! पण हे पाहुण्यांना सांगण्यासारखं आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. आता मामंजी स्वतः अंगणात वाळवण दाखवतात, आणि पाहुण्यांचा अर्धा तास तिथेच जातो.

उणिवाही सांगते. दर किती घ्यावा, आगाऊ रक्कम कशी मागावी, पाहुण्याने ऐनवेळी बेत रद्द केला तर काय करायचं, यावर अवघा तासभर बोलणं झालं. आमच्यासारख्यांना तिथेच जास्त मदत हवी असते. प्रमाणपत्र मिळालं म्हणून पाहुणे आपोआप येत नाहीत. माझे बहुतेक पाहुणे अजून ओळखीतूनच येतात. प्रथमोपचारही फक्त पडद्यावर दाखवले, प्रत्येकाकडून सराव करून घेतला नाही. शिवनेरीच्या कड्यांवर आग्या मोहोळं असतात. अत्तर लावू नका, धूर करू नका, आरडाओरडा नको, माश्या उठल्याच तर चेहरा झाका आणि तिथून लांब निघा, हे मी पहिल्या दरवाजाशीच सांगते. पण मला हे स्वतः विचारून विचारून शिकावं लागलं.

जुलै २०२५ मध्ये शिवनेरीसह १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हापासून चौकस पाहुणे वाढलेत. त्यातले ११ महाराष्ट्रात आणि जिंजी तमिळनाडूत, हे ऐकलं की पुढचा प्रश्न हमखास येतो, "जिंजी का?" मग राजाराम महाराजांपर्यंत जावं लागतं. अशा प्रश्नांसमोर न गडबडण्याची सवय वर्गातच लागली.

वर्ग करायचा विचार असेल तर उन्हाळ्यातली तुकडी घेऊ नका. आमची ती चूक झाली. डोंगर उघडेबोडके होते आणि फुलं फक्त फोटोत बघितली. पावसाळा सरतानाची तुकडी मिळाली तर तीच धरा.